प्रेशर वॉशिंगचा धंदा : मशीन सगळ्यात शेवटी घ्या

(हे या भागाचं लिखित रूप. बोलताना जिथे अडखळलो ते काढलंय, दोन-तीन ठिकाणी आकडे नीट केलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

गेल्या काही महिन्यांत मला सगळ्यात जास्त मेसेज कोडिंगवर आले नाहीत, घरं धुण्यावर आले. मागे एका भागात मी सहज बोलून गेलो होतो की शनिवार-रविवारी मी आणि माझा मामेभाऊ पुण्यात बंगल्यांच्या गच्च्या, पार्किंग आणि कंपाउंडच्या भिंती प्रेशर वॉशरने धुऊन देतो. झालं. तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतंय, "दादा, कुठलं मशीन घेऊ?"

त्याचं उत्तर देतो, पण जरा उशिरा. कारण मीही सुरुवात त्याच प्रश्नापासून केली होती आणि त्या क्रमाने गेल्यामुळे माझे साडेसतरा हजार गेले. साडेनऊ हजारांचं मशीन आणि आठ हजारांचा रंग. रंग कसला, ते सांगतो.

आधी पार्श्वभूमी. मी बीटेक, बॅकएंडला काम करतो, वय अठ्ठावीस. मामेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान, आयटीआय वायरमन. चाकणला एका कारखान्यात कंत्राटावर होता. २०२३ च्या उन्हाळ्यात कंत्राट संपलं आणि पुढचं काही लागेना. मामाचा फोन आला की आईचा चेहरा पडायचा. मी रात्री जेवताना ते अमेरिकेतले व्हिडिओ बघायचो, तुम्हीही बघितले असतील, काळाकुट्ट ड्राइव्हवे आणि त्यावरून एक माणूस पाण्याची पांढरी रेघ ओढत जातो. बघायला इतकं बरं वाटतं की झोप येते. खाली लिहिलेलं असतं, मी आठवड्याला इतके डॉलर कमावतो. मला वाटलं, पुण्यात काय कमी शेवाळ आहे? चार महिने पाऊस पडतो, प्रत्येक बंगल्याची उत्तरेकडची भिंत हिरवी असते. मशीन घेऊ, भाऊ चालवेल, मी गिऱ्हाइकं आणीन.

यात चूक नेमकी कुठे होती? तिकडची बरीचशी घरं बाहेरून व्हिनाइलच्या पट्ट्यांनी झाकलेली, समोर काँक्रीटचा सलग ड्राइव्हवे, मागे लाकडी डेक. ते व्हिडिओ त्या घरांचे आहेत. आपल्या एका बंगल्यात काय काय असतं मोजा. कंपाउंडला सिमेंट पेंट, जोत्याला काळा दगड, अंगणात शहाबादी, पार्किंगला पेव्हर ब्लॉक, पायऱ्यांना कडप्पा, गच्चीवर कोबा किंवा चायना चिप्स, आणि त्यावर कुणीतरी मारलेलं केमिकल वॉटरप्रूफिंग. सात प्रकारचे पृष्ठभाग, सातांची सहनशक्ती वेगळी. व्हिडिओतला माणूस दिवसभर एकच काम करतो. आपण एका घरात सात करतो.

ऑक्टोबर २०२३, दिवाळीच्या तोंडावर, सहकारनगरमध्ये पहिलं पैशाचं काम मिळालं. निवृत्त काका, काकू, जुना टुमदार बंगला. कंपाउंडची भिंत आतून हिरवी-काळी झालेली. माझ्याकडे घरगुती मशीन होतं, ११० बार दाबाचं. घरगुती मशीनच्या लान्सचं तोंड पिळून फवारा रुंद किंवा बारीक करता येतो. रुंद फवाऱ्याने शेवाळ पटकन जाईना म्हणून मी बारीक केला. काय सुंदर निघायला लागलं! काकांनी चहा दिला, पैसे दिले, मी फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला फोन. "अरे, तू भिंत धुतलीस की खरवडलीस? ये आणि बघ."

गेलो. भिंत वाळली होती आणि तिच्यावर झेब्य्रासारखे पट्टे होते. जिथून बारीक फवारा गेला तिथला रंग उडून खालचं प्लास्टर दिसत होतं. ओल्या भिंतीवर यातलं काहीच दिसत नाही, सगळं एकसारखं गडद दिसतं. म्हणून आता आम्ही काम झाल्यावर लगेच शेवटचा फोटो काढत नाही, एक कोपरा आधी धुतो, तो वाळेपर्यंत दुसरीकडे काम करतो, मग तो बघून पुढे जातो.

मी म्हटलं, "काका, रंगाचा खर्च मी देतो." ते म्हणाले, "तो तर तू देशीलच." दोन्ही बाजू, आठ हजार. पण त्या दिवशी रंगारी आला होता त्याने मला जे शिकवलं ते आठ हजारांत स्वस्त पडलं. त्याने न धुतलेल्या भागावर नुसता तळवा फिरवला आणि मला दाखवला. पांढरी पावडर. "साहेब, हा रंग मेलेला आहे. याला पाइपाने पाणी मारलं तरी निघणार. तुम्ही मशीन कशाला आणलं?"

तेव्हापासून आमची पाहणी तळव्यापासून सुरू होते. पावडर आली तर आम्ही सांगून टाकतो की धुतलं तर रंग जाणार, रंग द्यायचाच असेल तर त्याआधीची धुलाई म्हणून करू, नाहीतर नको. अशी कामं हातची जातात का? जातात. साधारण पाचातलं एक जातं.

आता थोडं इंजिनिअरिंग, कारण मला राहवत नाही. फवाऱ्याचा कोन का महत्त्वाचा? व्यावसायिक मशीनला रंगीत नोझल येतात. लाल शून्य अंश, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४०, आणि काळं साबणासाठी. समजा भिंतीपासून १५ सेंटिमीटरवर धरलंय. ४० अंशाच्या नोझलचा पट्टा साधारण ११ सेंमी रुंद पडतो. १५ अंशाचा ४ सेंमी. मशीन तेच, पाणी तेच, पण ११ सेंमीवर पसरणारा मारा ४ सेंमीत आला, म्हणजे जवळपास पावणेतीन पट. आणि पांढरंच नोझल १५ ऐवजी ३० सेंमीवर नेलं तर पट्टा दुप्पट होतो, मारा निम्म्यावर येतो. म्हणजे मशीनच्या खोक्यावर किती बार लिहिलंय यापेक्षा तुमचा हात भिंतीपासून किती लांब आहे यावर जास्त ठरतं. लाल नोझल आम्ही घरी डब्यात ठेवलंय. घरावर त्याचं काही काम नाही.

आणि लाल असो वा पांढरं, तोंडापुढे हात-पाय नेऊ नका. साध्या घरगुती मशीनचा फवारासुद्धा कातडीतून आत घुसू शकतो. बाहेरून टाचणी टोचल्याएवढी जखम दिसते आणि आत पाणी, घाण, केमिकल गेलेलं असतं. अशा वेळी हळद लावून बसायचं नाही, थेट हॉस्पिटल, आणि तिथे स्पष्ट सांगायचं की हाय प्रेशरचं पाणी आत गेलंय. चप्पल घालून काम करणारा कुणी दिसला की माझा भाऊ आता काम थांबवतो. आम्ही गमबूट आणि गॉगल यावर अडीच हजार घातलेत.

दुसरी गोष्ट जी मला व्हिडिओने सांगितली नाही : शेवाळ दाबाने मरत नाही. वरचं निघतं, छिद्रांमध्ये उरलेलं जिवंत असतं, पुढच्या पावसात परत हजर. आणि गिऱ्हाइकाला वाटतं तुम्ही काम कच्चं केलं. शेवाळ मारायला लागतं हायपो. सोडियम हायपोक्लोराइट. केमिकलच्या दुकानात नुसतं 'हायपो' म्हटलं की कॅन पुढे येतो. २०२० मध्ये सोसायट्यांमध्ये फवारायचे ना, तेच. दहा टक्क्यांचं असेल तर एक भाग हायपो, नऊ भाग पाणी, म्हणजे साधारण एक टक्का. बागेच्या फवारणी पंपाने मारायचं, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, वाळू द्यायचं नाही, मग रुंद फवाऱ्याने, कमी दाबाने धुवायचं. हिरवं डोळ्यांदेखत पिवळट पडतं. यात दाब लागतच नाही जवळजवळ. सहकारनगरच्या त्या भिंतीला हे केलं असतं तर रंग बराचसा वाचला असता, हे मला नंतर कळलं.

हायपो उन्हात आणि उकाड्यात कमकुवत होतं, म्हणून महिन्याभराचाच साठा घ्या, सावलीत ठेवा. कपड्यांवर पडलं की डाग. झाडांना वाईट. अंगणातली तुळस ही या धंद्यातली सगळ्यात नाजूक गोष्ट आहे, हे हसण्यावारी नेऊ नका. आधी सगळ्या कुंड्यांना भरपूर पाणी घालायचं, तुळशीवर प्लास्टिक टाकायचं, काम झाल्यावर प्लास्टिक लगेच काढून परत पाणी. भिंत बिघडली तर काका बोलतील. तुळस जळली तर काकू बोलणार नाहीत, आणि ते जास्त वाईट.

आणि आता सगळ्यात गंभीर. आपल्याकडे घराघरात ॲसिड असतं. बाथरूम, धुण्याची मोरी, पार्किंगमधले डाग, सगळ्याला ॲसिड. ते बहुतेक हायड्रोक्लोरिक असतं. ॲसिड आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. आमच्या नवव्या की दहाव्या कामात, मागच्या अंगणात भाऊ हायपो मारायला सुरुवात करणार तेवढ्यात मला मोरीपाशी तो ओळखीचा झोंबरा वास आला. घरकामाच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही येणार म्हणून मीच आत्ता ॲसिड टाकून घासून ठेवलं, तुम्हाला बरं पडेल." त्यांच्या मनात चांगलंच होतं. मोरी ओली होती, तीन बाजूंनी भिंती, वारा नाही. भाऊ तिथे वाकून फवारणी करणार होता.

त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ गप्प होतो. मामाला मी काय सांगितलं असतं?

आता आदल्या दिवशीच्या मेसेजमध्ये आमचं पहिलं वाक्य असतं : कृपया आज आणि उद्या बाहेर कुठेही ॲसिड टाकू नका. आणि पोचल्यावर परत तोंडी विचारतो, घरमालकाला नाही, जे खरोखर साफसफाई करतात त्यांना. ॲसिड आम्ही स्वतः वापरत नाही. एक तर हे कारण, दुसरं म्हणजे शहाबादी, कोटा, संगमरवर हे सगळे चुनखडीच्या जातीचे दगड, ॲसिड त्यांना खातं. फेस येतो ना, लोकांना वाटतं मळ निघतोय. तो दगड निघतोय.

बाकी पृष्ठभागांचं भरभर सांगतो. पेव्हर ब्लॉकच्या फटीतली वाळू उडते, ती परत भरून द्यायची हे दरात धरा, नाहीतर महिन्याभरात ब्लॉक हलतात. गच्चीवर आधी विचारा की वॉटरप्रूफिंग कधी आणि कसलं केलंय, कोटिंगचे पापुद्रे सुटलेले दिसले तर तिथे मशीन नको, खराटा आणि पाणी. सोलर पॅनेलला हाय प्रेशर मारायचं नाही, कितीही आग्रह झाला तरी. बोअरचं पाणी काचांवर वाळलं की पांढरे ठिपके पडतात, खिडक्या शेवटी पुसून द्या. आणि "आलाच आहात तर पाण्याची टाकी पण धुऊन द्या ना" याला ठाम नाही म्हणा. बंद जागेत उतरणं हा वेगळा धंदा आहे, त्याचं शिक्षण आणि साधनं वेगळी.

वीज. हा भाग भावाचा आहे, मी फक्त सांगतो. पाणी, ओली फरशी, आणि हातात धातूची लान्स. जुन्या बंगल्यांमध्ये बाहेरच्या प्लगला तीन भोकं असतात पण तिसऱ्या भोकात अर्थिंग असेलच असं नाही. भावाने स्वतः एक बोर्ड बनवलाय, त्यात ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, अडीच स्क्वेअर एमएमची केबल, जोड एकही नाही. पोचल्यावर तो टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थिंगमध्ये लावून बघतो. बल्ब नीट पेटला नाही तर काम नाही. कोथरूडमध्ये एकदा ४,२०० रुपयांचं काम याच कारणाने सोडलं. गृहस्थ वैतागले, "अहो, इतकी वर्षं इथेच मोटार लावतो आम्ही!" मी जरा डळमळलो होतो, खरं सांगतो, कारण त्या महिन्यात कामं कमी होती. भाऊ म्हणाला, "दादा, तू लॅपटॉपवर बस. प्लग मी लावणार आहे ना?" आणि बोर्ड उचलून चालू लागला. हल्ली विजेचा शेवटचा शब्द त्याचा असतो.

पाण्याचं गणित. मशीनला जेवढं पाणी लागतं त्यापेक्षा कमी मिळालं तर पंप हवा ओढतो, थरथरतो आणि सील जातात. आमच्या आत्ताच्या मशीनला मिनिटाला १० लिटर लागतात. त्यासाठी चाचणी साधी : दहा लिटरची बादली नळाखाली ठेवा, ४५ सेकंदांच्या आत भरली पाहिजे. खाली अंगणातल्या नळाला बहुतेक भरते, कारण टाकी वर आहे. गच्चीवर मात्र नेमकं उलटं. टाकी तिथेच शेजारी, नळ तिच्यापेक्षा जेमतेम मीटर-दीड मीटर खाली, त्यामुळे दाबच नाही. दहा मीटर उंचीला एक बार मिळतो, दीड मीटरला किती, तुम्हीच काढा. आमच्या पहिल्या मशीनचा पंप असाच बिघडला. म्हणून गच्चीच्या कामाला २०० लिटरचा ड्रम आणि छोटा पंप बरोबर असतो.

आणि पाणी जातं किती? तीन तासांच्या कामात ट्रिगर साधारण साठ टक्के वेळ दाबलेला असतो. म्हणजे हजार-अकराशे लिटर. साधा पाइप लावून धुतलं तर याहून जास्त जातं, ही गोष्ट खरी आहे, आणि धंद्यातले लोक तेवढीच सांगतात. पण पाइप लावून तीन तास भिंत कोण धुतं? आम्ही आलो नसतो तर ते पाणी वापरलंच गेलं नसतं. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूत पिण्याचं पाणी गाड्या धुवायला वगैरे वापरण्यावर बंदी आली, पाच हजार रुपये दंड. पुण्यात त्याच उन्हाळ्यात आम्ही एका गल्लीत काम करत होतो, शेजारच्या सोसायटीत टँकर उभा होता, आणि एक आजी गेटपाशी येऊन काही न बोलता बघत उभ्या राहिल्या. आम्ही मशीन बंद केलं. त्यानंतर मार्चच्या मध्यापासून पाऊस येईपर्यंत नळाच्या पाण्यावर काम घेत नाही. बोअर असेल तरच, आणि तेही घसरडं झालेलं असेल तर. धंद्याचे जवळपास तीन महिने त्यात जातात. तुम्ही हिशेब बारा महिन्यांचा मांडणार असाल तर थांबा.

हिशेब सांगतोच. ऑक्टोबर २०२३ ते सप्टेंबर २०२४, एक वर्ष. कामं ६१. त्यातली २४ एकट्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, दिवाळीमुळे. डिसेंबर ते फेब्रुवारी १७. मार्च ते मे ७. पावसाळ्यात १३, तीही बहुतेक छपराखालचं पार्किंग आणि जिने, कारण पावसात बाहेर विजेचं मशीन चालवायचं नाही. सरासरी एका कामाचे २,६०० रुपये, म्हणजे १,५८,६००. टेम्पो, पेट्रोल, हायपो, दुरुस्ती यात ३८,००० गेले. उरले १,२०,६००. त्यातून मी घातलेल्या पैशांपैकी ४०,००० मला परत मिळाले, ८०,६०० भावाला. महिन्याला सरासरी ६,७००.

पुण्यात ६,७०० मध्ये काय होतं, मी सांगायला नको. व्हिडिओत दाखवतात ते डॉलर यात कुठेच नाहीत. पहिल्या वर्षाच्या शेवटी आम्ही दोघं हा कागद घेऊन बसलो होतो आणि भाऊ म्हणाला, "चाकणला याच्या दुप्पट मिळत होते." मी काही बोललो नाही. आकडा बरोबर होता.

पण त्याच कागदावर दुसरी एक गोष्ट होती. ६१ पैकी १८ घरांनी त्याला नंतर विजेच्या कामाला बोलावलं होतं. आमच्या पाहणीत अर्थिंग नसल्याचं आम्हीच सांगितलेलं, मग "तूच करून दे" असं झालं. ते पैसे या हिशेबात नव्हते, त्याच्या स्वतःच्या वहीत होते. ते धरले तर चाकणच्या बरोबरीला येत होतं. मी धुलाईला धंदा समजत होतो आणि वायरिंगला मदत. त्याच्यासाठी ते कधीच वेगळं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी म्हणून आम्ही रचना बदलली. वर्षाला दोन भेटींचं ठरवून घेतो. दिवाळीआधी पूर्ण धुलाई, आणि मे अखेरीस फक्त पायऱ्या, उतार आणि पार्किंगवर हायपो मारून खराट्याने घासणं, पाणी दोन-तीन बादल्या. पावसाळ्याआधी हे केलं तर शेवाळ उशिरा आणि कमी धरतं. लोक सुंदर दिसावं म्हणून आम्हाला बोलावतील असं मला वाटायचं. बोलावतात ते घरात कुणीतरी घसरून पडल्यावर. मनगट, खुबा. फोनवर पहिलं वाक्य असतं, "आमच्या आई पडल्या हो." तेव्हा मे महिन्यातली भेट हा आमचा खरा माल आहे आणि तिला मशीन लागतच नाही.

दर म्हणाल तर किमान भेट १,५०० रुपये, त्याखाली घराबाहेर पडत नाही. चौरस फुटावर दर सांगायचं आम्ही बंद केलं. पाहणीला जातो, तळवा, बादली, टेस्ट लॅम्प, फोटो, मग आकडा. पाहणी फुकट, पण ती आठवड्यातल्या एका संध्याकाळी सगळ्या एकदम, नाहीतर पेट्रोलच खातं. आधीपासून असलेल्या चिरा, उडालेला रंग, सुटलेल्या फटी यांचे फोटो काढून घरमालकाला तिथल्या तिथे पाठवतो. भांडणं त्याने जवळजवळ संपली.

कागदपत्रं फार नाहीत. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. माणसं थोडीच असतील तर महाराष्ट्रात शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आम्ही नोंदणी भावाच्या नावावर केली. आणि माझ्यासारखे नोकरदार ऐकत असाल तर आपलं ऑफर लेटर काढून वाचा. दुसरं काम करण्याबद्दल बहुतेक पत्रांत एक कलम असतं. मी एचआरला मेल टाकला, सहा आठवडे उत्तर नाही, मग आलं : ऑफिसच्या वेळेत नको, आमच्या क्षेत्रातलं नको. शेवाळ कुणाच्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे निभावलं. पण लेखी घेतलं, ते महत्त्वाचं.

तर, कुठलं मशीन? सांगतो. ताकद म्हणजे दाब गुणिले प्रवाह. बार गुणिले लिटर प्रतिमिनिट, भागिले ६००, उत्तर किलोवॅटमध्ये. माझं पहिलं ११० बार, साडेपाच लिटर : एक किलोवॅट. आत्ताचं १३० बार, १० लिटर : सव्वादोनच्या आसपास. दाब किरकोळ वाढला, प्रवाह जवळजवळ दुप्पट, आणि कामाचा वेळ निम्मा झाला. म्हणून दुकानदार "दोनशे बार आहे साहेब" म्हणाला की विचारा, लिटर किती? सिंगल फेजवर, १६ अँपियरच्या प्लगवर चालणारं घ्या, घरांमध्ये थ्री फेज शोधत बसू नका. आमचं ३४,००० ला पडलं. होज ४,५००, फरशीसाठीचा गोल फिरता सरफेस क्लीनर ६,०००, बोर्ड आणि केबल ५,५००, बूट-गॉगल २,५००, ड्रम-पंप ३,५००. एकूण ५६,०००.

पण हे लगेच घेऊ नका. पहिल्या दहा कामांना मशीन भाड्याने मिळतंय का बघा, किंवा कुणाचं तरी आणा. पहिली पाच कामं आपल्याच नातेवाइकांच्या घरी, फुकट. मी हे केलं असतं तर झेब्रा आत्याच्या भिंतीवर उठला असता आणि आत्याने फक्त शिव्या घातल्या असत्या.

एकाने विचारलंय, नोकरी सोडून यात उतरू का, शिल्लक दोन लाख आहे. मित्रा, तुझ्या हातात दुसरं कुठलं काम आहे जे याच घरांमध्ये चालेल? प्लंबिंग, रंगकाम, वॉटरप्रूफिंग, बाग? असेल तर एक दिवाळी शनिवार-रविवारी करून बघ आणि मे महिन्याचा आकडा लिहून मला पाठव. फक्त धुलाईवर उतरणार असशील तर मी नको म्हणेन.

सहकारनगरच्या काकांचं राहिलं. गेल्या दिवाळीत त्यांचा फोन आला, गच्ची धुवायची होती. आम्ही गेलो. मी काही बोलायच्या आत त्यांनी भिंतीवर तळवा फिरवला, मला दाखवला, आणि म्हणाले, "बघ, नाही येत. कर सुरू."

पुढच्या भागात भाऊच बोलणार आहे, जुन्या घरातलं अर्थिंग स्वतः कसं ओळखायचं यावर. लाजतोय, पण तयार झालाय. तुमच्या घराच्या मेन बोर्डचे फोटो पाठवा, पत्ता झाकून.